गाडी एकाची, पाने दुसऱ्याचे

मला दोन भाऊ आहेत, झुलाल आणि वना. दोघंही माझ्या पाठीवरचे. दोघांची शेंबडी नाकं मी पुसली आहेत, म्हणून बोलायचा हक्क आहे माझा. दोघांच्या डोक्यात मेंदूच्या जागी ग्रीस भरलंय. कोणाला राग येत असेल तर खुशाल येवो.

आमचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. वडिलांचं नाव रुपचंद, पण गावभर त्यांना आबाच म्हणत. आबांकडे एक पिकअप होती, सरकारी लिलावातून आणलेली, जीपसारख्या तोंडाची, पेट्रोलवर चालणारी. आणली तेव्हाच ती म्हातारी होती. आमचा कांदा, आमची मिरची आणि अर्ध्या गावाची कपाशी तिनेच बाजाराला नेली. आबांनी त्या गाडीला गॅरेजचं तोंड कधी दाखवलं नाही. अंगणात निंबाखाली उभी करायचे, गोणपाट अंथरायचे आणि स्वतः खाली शिरायचे. भाऊ तेव्हा लहान होते, त्यामुळे बॅटरी धरायला मीच असायची.

आबा प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, सांग इंदी, काय दुखतंय हिचं? प्लग काळा असला तर पेट्रोल जास्त पितेय, पांढरा पडला असला तर तापतेय, विटकरी असला तर तब्येत ठीक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतली घरघर ऐकायची, हेही मला यायचं. आई कपाळावर हात मारून घ्यायची, म्हणायची, पोरीला काय हे शिकवता, सासरी काय गाडीखाली झोपणार आहे का ती! तिचं खरं ठरलं. माझं लग्न यावलकडे झालं, केळीच्या गावात, आणि तिथे कोणी मला सायकलीची चेनसुद्धा बसवू दिली नाही.

आबा गेले आणि दोन वर्षांत भावांची वाटणी झाली. जमीन अर्धी अर्धी, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, घराच्या मधून भिंत घालायची ठरली. मी तहसीलमध्ये जाऊन हक्कसोडीवर सही करून आले. मला काही नको म्हटलं. काय करायचं होतं मला त्या जमिनीचं? मला वर्षातून एकदा, आखाजीला, माहेरच्या दारात उतरायला मिळालं म्हणजे झालं. आमच्याकडे खान्देशात आखाजी, तुमची अक्षय्य तृतीया, म्हणजे लेकीबाळींचा सण. भाऊ सासरी न्यायला येतो, निंबाला झोके बांधतात, आबांच्या नावाची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. तेवढं माझं. बाकी सगळं तुम्ही घ्या.

आता सगळं वाटून झालं आणि राहिली गाडी. दोघंही हटून बसले. गाडी मलाच पाहिजे! मग गावातले पंच गिरधर अप्पा यांनी अक्कल लढवली. नको ती लढवली! आबांची एक मोठी लोखंडी पेटी होती. तिच्यात सगळे पाने, जॅक, ग्रीसगन, टॅपेटची फट मोजायच्या पट्ट्या, जुना कार्बोरेटर, काय काय आयुष्यभर जमवलेलं. अप्पा म्हणाले, एकाने गाडी घ्या, दुसऱ्याने पेटी घ्या. म्हणजे दोघं एकमेकांवाचून अडाल आणि अबोला धरणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या. गाडी झुलालला निघाली, पेटी वनाला.

अप्पांना वाटलं, आपण फार मोठा न्याय केला. त्यांनी माझ्या भावांना ओळखलं नव्हतं.

झुलालने त्या दिवसापासून वनाच्या दारात पाऊल टाकलं नाही. गाडी बिघडली तर पाने मागायला जायचं कोणी? मेलो तरी जाणार नाही! बरं, मग बाजारातून नवे पाने आण ना बाबा. तर तेही नाही. का? तर म्हणे, नवे पाने विकत आणले म्हणजे आबांचे पाने वन्याचे झाले हे मी कबूल केल्यासारखं होईल. गॅरेजला ने म्हटलं, तर आबांच्या गाडीला परका हात लागता कामा नये. असलं डोकं! झुलालची बायको कमल एकदा म्हणाली, अक्का, यांना समजावण्यापेक्षा म्हशीला पोथी वाचून दाखवलेली बरी.

मग झुलाल एक पकड आणि एक हातोडी एवढ्यावर गाडी हाकायला लागला. पेट्रोलची टाकी गळायला लागली, साबणाची वडी दाबून बसवली. पाण्याचा पाइप फाटला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. एक नट हरवला, तिथे तार पिळली. आणि रेडिएटर गळायला लागला तेव्हा कमलच्या डब्यातली हळद नेऊन ओतली. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोक बुजतं, हा उपाय आबाही करायचे. पण आबा करायचे ते वाटेत अडल्यावर, घरी येईपर्यंत. घरी आले की रेडिएटर उतरवून, धुऊन, डाग देऊन घ्यायचे. झुलालकडे उतरवायला पानाच नाही! गळालं की मूठभर हळद, पुन्हा गळालं की पुन्हा मूठभर. कमलच्या भाजीत हळद नसायची आणि गाडीत असायची.

आणि भिंतीपलीकडे आमचे वनासाहेब! त्यांच्याकडे पाने आहेत, गाडी नाही. अमावास्येला पेटी उघडायची, एकेक पाना तेलाच्या फडक्याने पुसायचा, पुन्हा नंबरवार लावून ठेवायचा. दसऱ्याला नवं कापड अंथरून सगळं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. त्यातला एक पाना वर्षभरात कुठल्या नटाला लागलेला नसायचा. शेजारी कोणी मागायला आलं तर देत नसे. भिंतीपलीकडे झुलालची गाडी खोकत असायची आणि हा इकडे कान देऊन बायकोला सांगायचा, टॅपेट वाजतंय, पॉइंट घासायला झालेत. सांगायचा आणि बसून राहायचा. हा मेला त्याच्याहून वरताण!

या सगळ्यात माझं काय झालं ते ऐका. पहिल्या आखाजीला झुलाल मला न्यायला आला, त्याच्याकडे उतरले. भिंतीपलीकडे वनाने दार लावून घेतलं. दुसऱ्या आखाजीला वना एसटीने आला, त्याच्याकडे उतरले, तर झुलाल निंबाखाली माझ्याकडे पाठ करून बसला. मी जेवले कोणाकडे, झोपले कोणाकडे, यावर दोघांच्या नजरा. तिसऱ्या वर्षी दोघांनीही निरोप धाडला की त्याच्याकडे उतरणार असशील तर माझ्याकडे येऊ नको. मग मी गेलेच नाही. माझ्या जावा पिशव्या भरून निघायच्या आणि सासू विचारायची, इंदिरा, तुला न्यायला कोणी उरलंय की नाही गं? रागाने मी दिवसभर भांडी आपटायची.

अशी काही वर्षं गेली. एक्क्याण्णव साली मी दोघांनाही एकच निरोप धाडला. दोघं एका गाडीत मला न्यायला आलात तर येते, नाहीतर बहीण मेली समजा. कमल आणि वनाची बायको सुगंधा, दोघींनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आपापल्या नवऱ्याचं जेवण तोडलं म्हणे. तेव्हा कुठे आले.

कसे आले? झुलाल पुढे स्टिअरिंगवर, एकटा. वना मागे हौद्यात, रणरणत्या उन्हात, आपल्या लोखंडी पेटीवर बसलेला! पेटी आणली कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, ह्याची गाडी वाटेत मरणार हे मला माहीत आहे. पुढे का नाही बसला, तर बोलावलं नाही. झुलालला विचारलं, तर त्याने मागितलं नाही. शिंदखेड्यापासून यावलपर्यंत वैशाखाच्या उन्हात हे दोन टोणगे तोंड शिवून आले. माझे यजमान हसू दाबत आत निघून गेले. मला मात्र त्यातही बरं वाटलं हो. आले ना दोघं! बाकीचं मी घरी पोचल्यावर बघून घेईन, असं म्हणत पिशवी उचलली.

चोपड्यापर्यंत मी झुलालजवळ पुढे बसले. चोपड्याला वनाचा चेहरा बघितला आणि उतरून मागे हौद्यात त्याच्या पेटीजवळ जाऊन बसले. माहेरच्या अंगणात करायचे तेच चालत्या गाडीत, थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे. डोक्यावर पदर घेतला, तरी टाळू भाजत होती.

तापी यायच्या आधीच इंजिनाच्या बाजूने वाफ निघायला लागली, आणि काय सांगू, वाफेला फोडणीचा वास! गाडी बाभळीच्या झाडाशी थांबली. झुलाल उतरला, बॉनेट उघडलं, फडक्याने झाकण काढायला गेला आणि चटका बसून मागे उडाला. वना पेटीवर बसून मोठ्याने हसला. मग तोही उतरला, पण गाडीपासून दोन हात लांब, हात मागे बांधून, एखाद्या साहेबासारखा.

"पट्टा बघ," तो हवेत बघून म्हणाला. पट्टा ठीक होता. "वरला पाइप गरम शे का?" गरम होता. "आन खालना?"

झुलालने खालच्या पाइपाला हात लावला. तो गार होता. मला आबांचं शिकवणं आठवलं आणि वना बोलायच्या आधी माझ्याच तोंडातून निघालं, अरे, रेडिएटर तुंबलाय, पाणी वरून खाली येतच नाही! झुलालने रेडिएटरची खालची चावी सोडली. पाणी नाही आलं. पिवळाधमक गाळ आला, पिठल्यासारखा, थबकत थबकत.

"हयद?" वना ओरडला. "आबानी गाडीमा हयद? भाजी कराले ठेवेल व्हती का तू?"

"तुना दारमा पाना मांगाले येऊ का मंग?"

"रेडिएटर उतारना पडी. सरक!"

"हात नको लावजो मनी गाडीले!"

"मंग उतार तुना हातवरी. मना पाना भेटाव नही!"

झालं! ज्याला गाडीला हात लावायचा हक्क, त्याच्याकडे पाने नाहीत. ज्याच्याकडे पाने, त्याला गाडीला हात लावायचा हक्क नाही. भर उन्हात, सुनसान रस्त्यावर, एक भाऊ बॉनेटसमोर हात पसरून उभा आणि दुसरा पेटीवर चढून बसलेला. दोघांच्या मिशा पांढऱ्या व्हायला आलेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडी याची," मी म्हटलं, "पाने त्याचे. आणि मी कोणाच्या वाट्याला आले रे? सांगा ना! चिठ्ठी टाकली होती का माझी? सही घेतलीत तेव्हा तर दोघं गोड बोलत होता. मला कोणी घेतलंच नाही का?"

मी रडत नाही कोणासमोर, पण तेव्हा रडले. मग वना उठला, पेटीचं झाकण उघडलं आणि तोंड दुसरीकडे करून एक पाना झुलालपुढे धरला. झुलालने तो घेतला.

मला वाटलं, जिंकले मी! बाभळीखाली बसले आणि डोळे पुसले. दोघांनी मिळून रेडिएटर उतरवला, जवळच्या मळ्यात पंप चालू होता तिथे उचलून नेला, उलटा धरून खालच्या तोंडातून पाणी सोडलं. पिवळे लोट निघाले. मळेवाला बघतच राहिला. रेडिएटर पुन्हा बसवताना पहिल्यांदा झुलाल न ओरडता बोलला, "तेरा नंबर दे." वना म्हणाला, "घट्ट नको पिळू, आटे जातील." कित्येक वर्षांनी माझे भाऊ एकमेकांशी सरळ बोलत होते. मी देवाला हात जोडले.

मग मी म्हटलं, आता दशम्या खाऊन घ्या. सकाळी दुधात भिजवून केल्या होत्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. फडकं सोडून मांडलं. "थांब ना अक्का, आते व्हई जाई," झुलाल म्हणाला.

रेडिएटर बसला, गाडी सुरू झाली. पण पेटी उघडली होती ना! वना म्हणाला, प्लग तर बघू. प्लग बघितले. मग पॉइंट घासले. मग कार्बोरेटर सोडला. झुलालने पिळलेल्या तारा एकेक काढून तिथे नट बसवले. आबा टॅपेट गरम इंजिनावर लावायचे की गार, यावरून दोघं मोठमोठ्याने भांडायला लागले, आणि भांडता भांडता हसायला लागले. मी सांगितलं, आबा गरम इंजिनावर लावायचे, बॅटरी मीच धरत होते. कोणी ऐकलंच नाही. बॉनेटखाली दोन डोकी, बाहेर दोन ढुंगणं, आणि पाना दे, घे, धर, सोड.

घशाला कोरड पडली. मी माझी पाण्याची कॅन शोधली. रिकामी. "वना, पाणी कुठेय रे माझं?"

"ते तं गाडीमा वती दिधं, अक्का."

माझं प्यायचं पाणी! विचारलंसुद्धा नाही मेल्यांनी. मी म्हटलं, मळ्यातून तांब्याभर आणून दे. हो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, पुन्हा हो म्हणाला. मान वर केली नाही. मीच उठले, मळ्यात गेले, पंपाला ओंजळ लावून पाणी प्यायले आणि परत आले. मी गेले होते हेही कोणाला कळलं नव्हतं. दशम्यांवर मुंग्या चढल्या होत्या.

तिथे उभी राहिले आणि मला सगळं लख्ख दिसलं. मी समजत होते, यांचं भांडण आहे म्हणून मला माहेर नाही. भांडण मिटल्यावर तरी कुठे होतं?

अमळनेरकडून चोपड्याची एसटी येत होती. मी पिशवी उचलली, रस्ता ओलांडला, हात केला. एसटी थांबली. पायरीवरून मी मोठ्याने ओरडले, "मी जाते रे!"

"हां हां," बॉनेटखालून झुलालचा आवाज आला, "बस तू, अक्का."

मी बसले. एसटीत.

पुढचं मला कमलने सांगितलं. दिवस मावळता गाडी अंगणात आली. निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी जमलेल्या. कमल आणि सुगंधा दोघी दारात उभ्या, माझ्यावरून ओवाळून टाकायला एकीच्या हातात भाकरीचा तुकडा, दुसरीच्या हातात पाण्याचा तांब्या. झुलाल उड्या मारत उतरला आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "एकदाबी तापनी नही!" वना मागून पेटीवरून उतरला, हसत हसत. कमल म्हणाली, "अक्का कोठे?"

झुलालने मागे हौद्यात बघितलं. वनाने पुढे सीटवर बघितलं. मधली काच केव्हाच फुटली होती आणि तिथे पत्रा ठोकलेला होता, त्यामुळे पुढच्याला मागचं आणि मागच्याला पुढचं काही दिसत नव्हतं.

"तुनाजवळ मांगे व्हती ना?" झुलालने वनाला विचारलं.

"तुनाजवळ पुढे व्हती ना?"

सगळ्या बायका ऐकत होत्या. बहिणीला आणायला गेलेले दोन भाऊ बहीण वाटेत टाकून, गाडी नीट करून घरी आले होते. कमलला असा संताप आला म्हणे, तिने तो भाकरीचा तुकडा बॉनेटवरून ओवाळला, "मंग हिलेच ओवाळस मी!" म्हणाली, आणि दोघांच्या अंगावर भिरकावला.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीच्या सकाळी, दोघं माझ्या दारात हजर. या वेळी दोघंही पुढे बसून आले होते. चेहरे पडलेले होते. मी उंबऱ्यात उभी राहिले. मनात म्हटलं, पहिला शब्द काय काढतात ते बघू. चुकलं म्हणतील, पाया पडतील, निदान रात्री पोचलीस का नीट असं विचारतील.

झुलालने गाडीकडे बोट केलं.

"चाल अक्का," तो म्हणाला. "आते मक्खन चाली राहिनी. यावललोंग कोठेच थांबनी नही."

"तुमची बहीण काल चोपड्याच्या रस्त्यावर राहिली," मी म्हटलं. "ती सापडली तर घेऊन जा."

आणि आत जाऊन मी पुरणाची डाळ शिजायला टाकली.